पोर आत्ता कुणाकडे आहे?

प्रश्न एका तरुण लेखिकेचा आहे. नोकरी करणाऱ्या आईवरची तिची विनोदी मालिका नुकतीच सुरू झाली, सहा भाग दाखवून झाले. काही बायका म्हणतात, 'आमच्या घरात कॅमेरा लावला होता का?' काही म्हणतात, 'ही कुठल्या जगातली बाई?' वडीलधारी मंडळी म्हणतात, आईपणाची थट्टा चालवली आहे. आणि चॅनेलकडून निरोप आलाय की घरात एक आजी आणा. तिनं विचारलंय, ऐकायचं कुणाचं?

आधी एक सांगते. प्रतिक्रिया संमिश्र आल्या म्हणून मालिका फसली असं होत नाही, आणि ती फार धाडसी आहे असंही होत नाही. या दोन्ही समजुती मी स्वतःची समजूत काढायला वापरून झालेय. चोवीस वर्षं मालिकांच्या पटकथा आणि संवाद लिहितेय, त्यातल्या निम्म्या विनोदी. त्याच काळात दोन मुलं वाढवली, म्हणजे ती वाढली. या विषयाबद्दल माझं एकच म्हणणं आहे. नोकरी करणारी आई पडद्यावर आली की बघणाऱ्याच्या डोक्यात एक प्रश्न चालूच राहतो: पोर आत्ता कुणाकडे आहे? बाई ऑफिसात साहेबाशी हुज्जत घालतेय, विनोद जमलाय, लोक हसतायत, तरी मागे तो प्रश्न आहेच, गॅसवर दूध ठेवून बाहेर आल्यासारखा. लेखिकेनं त्याचं काय उत्तर दिलंय, तिथं प्रेक्षक दुभंगतो. भाषा, कपडे, नवरा इतका बावळट का, हे वाद त्यानंतरचे.

या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं भांडण अमेरिकेतलं. सीबीएस या वाहिनीवर १९८८ पासून 'मर्फी ब्राउन' चालू होती. वॉशिंग्टनमधली तिखट जिभेची टीव्ही पत्रकार, काम कँडिस बर्गनचं. १८ मे १९९२च्या भागात मर्फीला मुलगा झाला, लग्न न करता. दुसऱ्याच दिवशी उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या भाषणात तिचं नाव घेतलं. हुशार, भरपूर पगाराची बाई एकटीनं मूल जन्माला घालून वडिलांच्या महत्त्वाची टिंगल करते, असा त्यांचा आरोप. देशाचा उपराष्ट्राध्यक्ष मालिकेतल्या पात्राला रागावतो म्हटल्यावर गदारोळ व्हायचा तो झालाच. मालिकेच्या कर्त्या डायन इंग्लिश यांनी उत्तरही तसंच दिलं. बिनलग्नाच्या बाईनं मूल होऊ देणं क्वेल यांना लाजिरवाणं वाटत असेल, तर गर्भपात सुरक्षित आणि कायदेशीर राहील एवढं त्यांनी बघावं. त्याच जूनमध्ये क्वेलसाहेबांनी एका शाळेत 'पोटॅटो'च्या स्पेलिंगला शेवटी एक अक्षर जास्तीचं लावायला सांगून हसू करून घेतलं होतं. सप्टेंबरमध्ये मालिका परत सुरू झाली तेव्हा पहिल्या भागात मर्फीनं त्यांच्या दाराशी ट्रकभर बटाटे ओतायला लावले.

हे सगळं मजेचं आहे, पण माझ्या धंद्याच्या दृष्टीनं खरी गोष्ट निराळीच आहे. मर्फीच्या घरी पहिल्या भागापासून एल्डिन नावाचा रंगारी काम करत असायचा. वर्षानुवर्षं रंग देतोय, घर काही रंगून होत नाही. बाळ आल्यावर लेखकांनी त्यालाच बाळ सांभाळायला लावलं. कल्पना झकास! पण सोय लागली आणि बाळ हळूहळू पडद्यावरून विरघळलं. मर्फी पुन्हा पहिल्यासारखी ऑफिसात. 'अहो, ते बाळ गेलं कुठं?' ही प्रेक्षकांची साधी तक्रार राजकारणाच्या आवाजात दबून गेली. लेखकांनी ऐकायला हवी होती ती हीच. उपराष्ट्राध्यक्षांच्या टीकेत पटकथेच्या उपयोगाचं काहीच नव्हतं.

बाळ का विरघळतं याचं एक कारण फार रुक्ष आहे, आणि प्रेक्षकांना ते माहीत नसतं. कॅलिफोर्नियात सहा महिन्यांखालचं बाळ दिवसात दोन तासच सेटवर ठेवता येतं, त्यातलं कॅमेऱ्यासमोर फक्त २० मिनिटं. म्हणून तिकडे जुळी शोधतात. आपल्याकडेही २०१७च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि सलग तीन तासांच्या वर तर नाहीच. आपली शिफ्ट बारा तासांची. मग प्रॉडक्शनचा माणूस येऊन हळूच म्हणतो, 'मॅडम, या सीनमध्ये पोरगी झोपलेली दाखवू या का?' तुम्ही हो म्हणता. आठवड्यात चार वेळा म्हणता. महिन्यानं एक प्रेक्षक लिहितो, 'हिची मुलगी चोवीस तास झोपलेली असते, हिला कसला आलाय त्रास?' त्याचं काय चुकलं?

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त जवळची आहे. १७ सप्टेंबर १९६८ला एनबीसीवर 'ज्युलिया' सुरू झाली. डायहान कॅरोलनं केलेली ज्युलिया बेकर ही लॉस एंजेलिसमधली परिचारिका, नवरा वैमानिक, व्हिएतनामच्या युद्धात मारला गेलेला, पदरी कोरी नावाचा मुलगा. पहिल्यांदाच एका कृष्णवर्णीय अभिनेत्रीच्या नावावर अशी मालिका उभी राहिली होती, जिच्यात ती कुणाच्या घरची मोलकरीण नव्हती. नोकरीसाठी फोन करते तेव्हा ती डॉक्टरांना आधीच सांगून टाकते की मी निग्रो आहे. ते विचारतात, 'नेहमीच होतात, की हल्ली फॅशन आहे म्हणून?' त्या काळात हे वाक्य लिहायला छाती लागली असणार. आणि त्याच वाक्यावर चिडायलाही जागा होती.

साल बघा. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झालेली, शहरं जळालेली. सप्टेंबरात ही नीटनेटकी, हसतमुख बाई प्रशस्त, टापटीप फ्लॅटमध्ये राहताना दिसते. मालिका पहिल्याच हंगामात लोकप्रियतेच्या पहिल्या दहात गेली, कॅरोलला गोल्डन ग्लोब मिळालं, मॅटेल कंपनीनं ज्युलियाची बाहुली काढली. आणि टीकाही तितकीच झाली. परिचारिकेच्या पगारात हा फ्लॅट कसा? कृष्णवर्णीय कुटुंबातला बाप नेमका इथंही का नाही? या बाईला रंगामुळं रोज जे सोसावं लागत असेल ते कुठंय? स्वतः कॅरोलनं तेव्हाच कबूल केलं होतं की आम्ही दाखवतोय तो 'गोरा निग्रो' आहे. मालिका मजेत चाललेली असताना नायिकेनं असं बोलणं, आपल्याकडे कल्पना करा. करारातलं कलम दाखवतील.

ही मालिका रचणारे हॅल कँटर यांनी प्रेक्षकांची पत्रं जपून ठेवली, त्यातल्या काहींना उत्तरंही लिहिली. ती आता विस्कॉन्सिनच्या संग्रहात आहेत आणि अभ्यासकांनी त्यावर लिहिलंय. एकाच भागावर एक गोरी बाई लिहिते की आई म्हणून मला माझंच घर दिसलं. दुसरा शिव्या घालतो. कृष्णवर्णीय प्रेक्षक म्हणतो, हे आमचं घर नव्हेच. तिघांनी पाहिलं एकच, पण तिघांचा हिशेब वेगळा. ज्युलियाच्या वाट्याला एकुलत्या एक लेकीचं ओझं आलं होतं. पडद्यावर अशा दहा बाया असत्या, तर एकीचा फ्लॅट मोठा आहे म्हणून कुणी पत्र लिहिलं नसतं. एकच असली की प्रत्येकीला तिच्यात आपण पूर्ण दिसायला हवे असतो.

तुमच्या मालिकेचंही तेच आहे. नोकरी करणारी आई आपल्या मालिकांत ढिगानं असते, पण तिच्या नोकरीला आणि पोराला मिळून विनोदाच्या मध्यभागी ठेवलंय असं क्वचित. त्यामुळं डोंबिवलीची क्लार्क, बाणेरची आयटीवाली, जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई आणि दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करून स्वतःची दोन पोरं शिकवणारी, सगळ्या तुमच्या एकाच बाईत स्वतःला शोधतायत. 'ही कुठल्या जगातली?' असं म्हणणारी खोटं बोलत नाहीये. तिचं घर तुमच्या मालिकेत नाही, एवढंच ती सांगतेय. यावर उपाय नायिकेत सगळ्याजणी कोंबणं हा नाही. तसं केलं की ती कुणाचीच राहत नाही. शेजारीण, ऑफिसातली मैत्रीण, घरी कामाला येणाऱ्या मावशी यांना त्यांची स्वतःची पोरं द्या. मावशींची पोरगी कुणाकडे असते, हा एक अख्खा भाग आहे, आणि तो विनोदीच होऊ शकतो, फक्त हसं मावशींचं व्हायला नको.

कुणाचं हसं होतंय, यावर थोडं थांबते. माझ्याच एका मालिकेतलं सांगते. चॅनेलचं नाव नको, मालिकाही आता कुणाला आठवत नसेल. नायिका फोर्टमधल्या बँकेत, राहायला डोंबिवलीला, मुलगा पाळणाघरात, पाळणाघर साडेसातला बंद. दुसऱ्या भागात गाडी दिवा स्टेशनच्या अलीकडे थांबते. ती पाळणाघराच्या काकूंना फोन करते, 'निघालेय, पोचतेच.' मागून स्टेशनची घोषणा ऐकू येते, काकूंना कळतं की ही अजून खूप लांब आहे. उतरल्यावर ती धावते, चपलेचा अंगठा तुटतो, एक चप्पल हातात घेऊन जिना चढते. सेटवर सगळे पोट धरून हसले. दिग्दर्शक हसला, मी हसले, कॅमेरामनला तर शॉट परत घ्यावा लागला.

डोंबिवलीतच एका सोसायटीत वीस-बावीस बायकांना तो भाग दाखवला. तुटक्या चपलेपाशी खोलीत चिडीचूप. एक ताई नंतर म्हणाल्या, 'आमची धावपळ बघून हसायला येतं होय तुम्हाला?' त्यांच्या शेजारची मात्र घोषणेच्या जागी इतकी खदखदून हसली होती की पुढचे दोन संवाद ऐकूच आले नाहीत. मला तेव्हा वाटलं, एकीला विनोदबुद्धी आहे, दुसरीला नाही. घरी जाताना गाडीत उलगडलं. घोषणेच्या जागी हसू होतं तिच्या थापेवर, थाप मारावी लागणाऱ्या परिस्थितीवर आणि रेल्वेवर. चपलेच्या जागी हसू होतं तिच्यावर. दोघी एकाच सीनबद्दल बोलत होत्या, पण वेगवेगळ्या मिनिटांबद्दल. मी चप्पल काढून टाकली, घोषणा ठेवली. काकूंच्या तोंडी एकच वाक्य वाढवलं: 'दिवा का? मग मी वरणभात लावते त्याला.' त्या एका वाक्यावर जितके फोन आले तितके माझ्या कुठल्याच लिखाणावर आले नाहीत.

तेव्हापासून मी लोकांना 'आवडलं का' असं विचारत नाही. 'कुठं उठून पाणी प्यायला गेलात' ते विचारते.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट निघाली. पहिल्या भागात नायिका मुलाचा डबा भरते. कला विभागानं प्रेमानं सजवलेला डबा: गाजराची फुलं, चपातीचे गोल गुंडाळे, डाळिंबाचे दाणे. मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, 'हा डबा सकाळी साडेपाचला उठलेल्या बाईनं नाही भरलेला. हिच्याकडे माणूस आहे.' संपलं. पुढचा अर्धा तास त्यांचा नायिकेवर विश्वास नव्हता. फ्लॅटचंही तसंच होतं. खरं तर सेटवरचा हॉल मोठा असतो कारण कॅमेरा मागं घ्यायला जागा लागते, पण ते बघणाऱ्याला का कळावं? त्याला वाटतं, एवढा हॉल असलेलीला पाळणाघराची फी कसली जड? ज्युलियाच्या फ्लॅटबद्दलची तक्रार आणि आजींची डब्याबद्दलची तक्रार एकाच जातीची आहे. अशा तक्रारी क्षुल्लक वाटतात म्हणून आपण त्या सोडून देतो आणि 'समाज अजून तयार नाही' वगैरे मोठ्या गोष्टींवर चर्चा करत बसतो. उलट करा. डबा आधी बदला, समाजाचं नंतर बघू.

आईपणाची थट्टा म्हणणाऱ्यांचं काय? त्यांच्यात दोन प्रकारची माणसं असतात आणि ती वेगळी काढायला हवीत. एकांना बाईनं नोकरी करणंच खुपतं. त्यांच्यासाठी तुम्ही कितीही लिहा. दुसऱ्या त्या, ज्यांनी नोकरी न करता किंवा नोकरी सोडून पोरं वाढवली, आणि तुमच्या मालिकेत घरी राहणारी बाई एक तर बावळट आहे नाही तर टोमणे मारणारी. त्यांचं ऐका. लंडनमधल्या 'मदरलँड' या बीबीसीच्या मालिकेत हे फार चतुराईनं हाताळलंय. तिथली नायिकाही योगायोगानं ज्युलियाच. २०१६च्या पहिल्याच भागात ती जिवाच्या आकांतानं गाडी हाकत पोरांना शाळेत पोचवते आणि कळतं की सुट्टी लागलीय. आजवर सांभाळणारी तिची आई म्हणते, माझं आता बास. नवरा कायम कुठंतरी बाहेर, फोनवरच सापडणारा. म्हणजे 'पोर कुणाकडे' या प्रश्नाची तिन्ही नेहमीची उत्तरं लेखकांनी सुरुवातीलाच काढून घेतली आणि मग मालिका चालवली. घरी राहणारा तिथं एक पुरुष आहे, केविन. त्याचं हसं होतं, पण ज्युलियापेक्षा तो पोरांत कितीतरी जास्त रमतो, हेही दिसत राहतं. त्या मालिकेवरही 'या बायका फार कडवट' असा आक्षेप घेणारे होते. २०२२ला तिला बाफ्टा हा ब्रिटनमधला मानाचा पुरस्कार मिळाला. कडवटपणा काही कमी केला नव्हता.

आता आजीचं. चॅनेल आजी का मागतं, हे मला ठाऊक आहे. संध्याकाळी रिमोट आजीच्या हातात असतो आणि गुरुवारी टीआरपीचे, म्हणजे किती जणांनी पाहिलं त्याचे, आकडे येतात. माझ्या त्या डोंबिवलीवालीलाही चौथ्या आठवड्यानंतर सासूबाई आणायला लावल्या. मी विरोध केला असं सांगायला आवडलं असतं. केला नाही. हप्ते चालू होते. सासूबाई आल्या, उत्तम नटी होत्या, आकडे दोन आठवडे वर गेले. आणि पोर कुणाकडे या प्रश्नाचं कायमचं उत्तर मिळालं: आजीकडे. पाळणाघराच्या काकू गेल्या, दिव्याला थांबणारी गाडी गेली, साडेसातची धाकधूक गेली. उरलं काय, तर मीठ जास्त की कमी. नोकरी करणाऱ्या आईची मालिका बघता बघता सासू-सुनेची झाली, तशा त्याच वेळी आणखी पाच चालू होत्या आणि त्या आमच्यापेक्षा बऱ्या होत्या. चार महिन्यांत आम्ही बंद.

म्हणून आजी आणूच नका असं मी म्हणत नाही. आणायची असेल तर तिला कामाला लावा, तेही घराबाहेर. भिशी, भजनी मंडळ, गुडघ्याचं ऑपरेशन, नर्मदा परिक्रमा, दुसऱ्या मुलाकडे अमेरिकेत सहा महिने बाळंतपण. आजी हे उत्तर असलं की मालिका संपते. आजी 'बघते, जमलं तर' म्हणणारी असली की दर भागाला नवं काहीतरी निघतं. आणि खऱ्या आज्या तशाच असतात. पासष्टीच्या बाईला दुसऱ्यांदा पोर वाढवायचं नसतं, ती फक्त तसं बोलून दाखवत नाही. ते बोलून दाखवणारी आजी लिहा, वडीलधाऱ्यांची निम्मी नाराजी तिथंच उतरेल, कारण कुणीतरी त्यांच्या मनातलं बोललं असेल.

ऑफिसच्या बाजूनंही प्रश्नाला हात घाला. २०१७च्या दुरुस्तीनं प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघराची सोय सक्तीची झाली, आईला दिवसातून चार वेळा तिथं जायची मुभा. आता ४९ माणसांवर थांबलेलं एखादं ऑफिस डोळ्यांसमोर आणा, जिथं पन्नासावा माणूस घ्यायचा की नाही यावर मॅनेजर महिनाभर कुंथतोय. यावरचा विनोद लिहायला मी लागत नाही, तो आपोआप लिहिला जातो.

शेवटी तुमचा चौथा भाग, कारण सगळ्यात जास्त शिव्या त्याला पडल्यात आणि तुम्ही तो पुन्हा दाखवू नये असं म्हणताय. मुलाला सकाळी थोडा ताप, आईचं अकराला प्रेझेंटेशन, ती तापाचं औषध पाजून त्याला शाळेत धाडते. बारा वाजता औषध उतरतं आणि शाळेचा फोन येतो. 'अशी कुठली आई असते?' असं लिहिणाऱ्यांमध्ये किती जणींनी हे केलंय, ते मी सांगू शकणार नाही, पण मी दोनदा केलंय. तो भाग अजिबात काढू नका. फक्त त्यात एक जागा कच्ची आहे. फोन आल्यावर तुम्ही लगेच अपराधी संगीत लावलंत आणि तिला रडवलंत, म्हणजे प्रेक्षकाच्या आधी तुम्हीच निकाल दिलात. संगीत काढा. आणि एक बघा, शाळेनं फोन तिलाच का केला? फॉर्मवर पहिला नंबर कुणाचा आहे? पुढच्या एखाद्या भागात तिनं गुपचूप शाळेत जाऊन तो नंबर नवऱ्याचा करून टाकू दे. मग मंगळवारी, मीटिंगच्या मध्यात, त्याचा फोन वाजू दे.